मुंबईत नवे आलात? दाखले, शाळा आणि सरकारी अर्ज यांची सुरुवात कुठून करायची

मुंबईत नव्याने आलेलं कुटुंब सरकारी कामाला निघालं की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, "कागदपत्रं कोणती लागतील?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, "हे काम नक्की कुणाकडे आहे?" तालुक्याच्या गावी तहसील, पंचायत समिती आणि पोस्ट चालत जाण्याच्या अंतरावर असतात. चुकीच्या खिडकीवर गेलात तरी तिथला शिपाईच योग्य दार दाखवतो. मुंबईत एकाच घराचं रेशनचं काम एका कार्यालयात असतं, उत्पन्नाच्या दाखल्याचं दुसऱ्या, जन्मनोंदीचं तिसऱ्या, आणि मुलाच्या हायस्कूलबद्दलची तक्रार चौथ्याच ठिकाणी. चुकीच्या ठिकाणी गेलात तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, लोकलचा प्रवास होतो तो वेगळाच.

मी आमच्या भागातल्या वाचनालयात लोकांना अर्ज भरायला मदत करते. तिथे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. परभणी-बीडहून, कोकणातून, विदर्भातून किंवा दुसऱ्या राज्यातून येऊन इथे भाड्याने राहणाऱ्या कुटुंबासाठी हे लिखाण आहे.

पहिली पायरी: आपलं घर कोणाच्या हद्दीत येतं ते लिहून काढा

मुंबईत दोन जिल्हे आहेत, हे इथे जन्मलेल्या अनेकांनाही ठाऊक नसतं. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग मुंबई शहर जिल्ह्यात येतो. त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टमध्ये जुन्या जकात घरात आहे. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंड-मानखुर्दपर्यंत मुंबई उपनगर जिल्हा. त्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला, चेतना महाविद्यालयाजवळच्या प्रशासकीय इमारतीत. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. पूर्व उपनगरं कुर्ला तालुक्यात मोडतात, म्हणून मुलुंडच्या माणसाच्या दाखल्यावर "तालुका कुर्ला" आलं तर गोंधळून जाऊ नका.

महानगरपालिकेची रचना याहून वेगळी. पालिकेने शहराचे ए पासून टी पर्यंत विभाग पाडले आहेत, आपण त्यांना वॉर्ड म्हणतो. दादर, माहीम, धारावी जी उत्तरमध्ये. गोवंडी-मानखुर्द एम पूर्वमध्ये. कुर्ला एल, घाटकोपर एन, भांडुप एस, मुलुंड टी. जन्म-मृत्यूची नोंद, पाणी, कचरा, मालमत्ता कर, पालिकेच्या शाळा ही कामं पालिकेची. वॉर्ड ऑफिसात नागरी सुविधा केंद्र असतं, सुरुवात तिथूनच करा. पालिकेचा मदत क्रमांक १९१६.

रेशनची व्यवस्था तिसरीच. गावाकडे शिधापत्रिका तहसीलच्या पुरवठा शाखेकडे असते. मुंबईत ती तहसीलदाराकडेही नाही आणि पालिकेकडेही नाही. इथे नियंत्रक, शिधावाटप यांची वेगळी यंत्रणा आहे आणि तिची भागवार शिधावाटप कार्यालयं आहेत. आपलं कार्यालय कोणतं ते जवळच्या रेशन दुकानाच्या फलकावर लिहिलेलं असतं.

आणि मिरा रोड, भाईंदर, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार म्हणजे मुंबई नव्हे. लोकल तीच असली तरी कचेऱ्या वेगळ्या आहेत. मिरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, वसई-विरार पालघर जिल्ह्यात. दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे राहता की पलीकडे, यावर तुमचा तहसीलदार ठरतो.

तेव्हा एका कागदावर पाच गोष्टी लिहा: जिल्हा, तालुका, पालिकेचा वॉर्ड, शिधावाटप कार्यालय, पोलीस ठाणं. हा कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावा.

दुसरी पायरी: भाडेकरार नोंदणीकृत हवा

नव्या माणसाची बहुतेक कामं अडतात ती पत्त्याच्या पुराव्यावर. वीज बिल घरमालकाच्या नावाचं असतं, मग ते शहरातलं बेस्टचं असो, उपनगरातलं अदानी किंवा टाटाचं असो, की भांडुप-मुलुंडचं महावितरणचं. गॅस जोडणी आपली नसते. अशा वेळी तुमच्या हातात उरतो तो भाडेकरार.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. "नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल" असं मालक किंवा दलाल म्हणाला तर हे कलम त्याला नम्रपणे दाखवा. नोटरी केलेला कागद शाळेच्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या, प्रवेशाला चालत नाही. पुढे आणखी कुठे अडेल ते त्या दिवशी कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, मालक आणि भाडेकरूचे अंगठे घ्यायला माणूस घरी येतो. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेवर ठरतं. करार करताना घरात राहणाऱ्या पती-पत्नी दोघांचीही नावं त्यात घाला. बायकोच्या नावाने अर्ज करायची वेळ येतेच.

करार हातात आला की आधारवरचा पत्ता बदलून घ्या. आधारचा मदत क्रमांक १९४७. घरातल्या मुलांचं बायोमेट्रिक वयाच्या ५ आणि १५ व्या वर्षी अद्ययावत करावं लागतं, तेही त्याच फेरीत पाहा. मतदार यादीतलं नाव गावाहून इथे आणायचं असेल तर नमुना ६ भरू नका. तो नव्या मतदारासाठी आहे. पत्ता बदलासाठी नमुना ८ आहे. मदत क्रमांक १९५०.

तिसरी पायरी: रेशन

गावाकडचं कार्ड चालू असेल आणि धान्य मिळत असेल, तर ते रद्द करून इथे नवं काढायची घाई करू नका. एक देश, एक शिधापत्रिका या व्यवस्थेमुळे त्याच कार्डावर, अंगठा लावून, मुंबईतल्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून हक्काचं धान्य घेता येतं. घरातले काही जण गावी आणि काही इथे असतील तरी वाटा विभागून उचलता येतो. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ वर फोन करा. कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी मात्र झालेलं असावं.

नवं कार्डच हवं असेल तर गावाकडच्या कार्डातून नावं कमी केल्याचा दाखला आधी आणा. त्याशिवाय इथे नाव चढत नाही. रंगांचा हिशोब असा: वार्षिक उत्पन्न १५,००० पर्यंत पिवळं, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळणारच असं मात्र नाही. सवलतीचं धान्य मिळणाऱ्या, म्हणजे प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची वेगळी मर्यादा आहे, शहरी भागात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये. कार्ड केशरी आहे आणि दुकानदार धान्य देत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण इथेच असते.

चौथी पायरी: कोणता दाखला मुंबईत, कोणता गावी

सर्वात जास्त वेळ आणि पैसा वाया जातो तो इथे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

उत्पन्नाचा दाखला तुम्ही राहता तिथल्या तहसीलदाराकडून मिळतो, म्हणजे मुंबईतून. नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा पगाराचा दाखला लागतो. गावाकडे शेती असेल तर तिचं उत्पन्नही त्यात धरलं जातं, म्हणून तिथल्या तलाठ्याकडून कागद आणून ठेवा. दाखला किती वर्षांचा हवा, एक की तीन, हे ज्या योजनेसाठी काढता तिच्या अटीत पाहा आणि अर्जात तसं नमूद करा.

वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला, ज्याला सगळे डोमिसाइल म्हणतात, त्याची अट महाराष्ट्रात १५ वर्षांच्या वास्तव्याची आहे. मुंबईतल्या वास्तव्याची नव्हे. परभणीत वाढलेल्या मुलीने मुंबईत येऊन महिना झाला असला तरी तिची १५ वर्षं भरलेलीच असतात. शाळेचे दाखले आणि गुणपत्रिका हाच पुरावा. दुसऱ्या राज्यातून नुकतंच आलेल्या कुटुंबाला मात्र हा दाखला आत्ता मिळणार नाही. "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर खोटा दाखला काढल्याचा गुन्हा अंगावर येतो.

जातीचा दाखला. याबाबतीत तुमचा आजचा पत्ता गौण असतो. ठरलेल्या तारखेला तुमचे पूर्वज कुठे राहत होते, ते पाहिलं जातं. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा त्या काळात बीड जिल्ह्यात होते तर दाखला तिथल्या प्रांत कार्यालयातून काढणं सरळ. मुंबईच्या केंद्रावर अर्ज टाकून महिनाभर वाट पाहायची आणि मग मूळ ठिकाणी जा असं ऐकायचं, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

यासाठी लागणारे जुने पुरावे गावीच सापडतात. आजोबा किंवा पणजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत होते तिथला प्रवेश-निर्गम उतारा. तहसीलच्या अभिलेख कक्षातली जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल, जिला जुनी माणसं कोतवाल बुकाची नक्कल म्हणतात. वडिलांचा किंवा चुलत्याचा जातीचा दाखला. या सगळ्यांशी नातं जोडणारी वंशावळ. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा हे काम यादीत सर्वात वर ठेवा. शाळा सुट्टीत बंद असते, म्हणून मुख्याध्यापकांना आधी फोन करून जा. मूल आठवीत-नववीत असतानाच हे कागद जमवा. बारावीनंतरच्या प्रवेशात जात वैधता प्रमाणपत्र मागतात, ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते, आणि समितीही दाखला ज्या जिल्ह्याचा त्या जिल्ह्याची. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. प्रवेशाच्या गर्दीत समितीच्या दारात उभ्या असलेल्या मुलांकडे पाहवत नाही. इतर मागास वर्ग, भटक्या जमाती इत्यादींना नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र वेगळं लागतं, त्याची उत्पन्न मर्यादा ८ लाख आहे आणि त्याला मुदत असते. संपण्याआधी नूतनीकरण करा.

जन्माचा दाखला जिथे जन्म झाला तिथूनच मिळतो, ग्रामपंचायत असो वा पालिकेचा वॉर्ड. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, पासपोर्ट या सगळ्याला जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे, म्हणून नोंद २१ दिवसांच्या आत करा. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नावही बंधनकारक केलं आहे. क्रम असा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेतही पुढे तसंच लिहा.

प्रतिज्ञापत्राबद्दल एक गोष्ट मोठ्याने सांगावीशी वाटते. जात, उत्पन्न, अधिवास यांसारख्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणायला सांगणारा माणूस गरिबाच्या खिशातून विनाकारण पैसे काढतो आहे. बऱ्याच ठिकाणी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या प्रती २०१५ पासून चालतात.

पाचवी पायरी: शाळा

आधी कोण कुठल्या शाळेचा मालक, ते पाहा. पालिकेच्या शाळा आणि खासगी प्राथमिक शाळांची देखरेख पालिकेच्या शिक्षण विभागाकडे. खासगी माध्यमिक शाळांसाठी शिक्षण निरीक्षक, आणि ते मुंबईत तीन आहेत: दक्षिण, पश्चिम आणि उत्तर विभाग. गावाकडचा गटशिक्षणाधिकारी इथे शोधू नका.

पालिकेच्या शाळांबद्दल नव्या पालकांच्या मनात नसती भीती असते. आधी जाऊन पाहा, मग ठरवा. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत त्या चालतात. मुंबई पब्लिक स्कूल नावाने केंद्रीय आणि इतर मंडळांच्या शाळाही पालिकेने सुरू केल्या आहेत. गणवेश, दप्तर, वह्यांसह २७ शालोपयोगी वस्तू मोफत मिळतात. आई-वडील दोघंही कामावर जात असतील तर घराजवळची शाळा हा मोठा आधार असतो. लांबच्या नावाजलेल्या शाळेसाठी सहा वर्षांच्या मुलाला रोज बसमध्ये तासभर बसवणं मला पटत नाही.

पहिलीसाठी मुलाची ६ वर्षं ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हायला हवीत. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांनी हे नीट मोजा, कारण तिथली तारीख वेगळी असू शकते. कोणत्याही मंडळाची शाळा असली तरी महाराष्ट्रात मराठी विषय शिकवणं २०२० च्या कायद्याने सक्तीचं आहे.

आता मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. हा कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. नव्याने आलेल्या कुटुंबाने त्यातल्या पाच गोष्टी तोंडपाठ कराव्यात. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). सत्र सुरू झालं म्हणूनही नाकारता येत नाही (कलम १५). सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जाताना जुन्या शाळेचा दाखला आला नाही, हे कारण देऊन मुलाला बाहेर ठेवता येत नाही, आणि दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते (कलम ५). देणगी घेता येत नाही आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेता येत नाही (कलम १३). ऊसतोडीला जाऊन आलेलं, वीटभट्टीवरून आलेलं, शाळा सुटलेलं मूलही वयानुसार योग्य वर्गात बसण्याचा हक्क घेऊन येतं (कलम ४). तुम्ही प्रवेश मागायला जाता तेव्हा विनवणी करायची गरज नाही. अर्ज लेखी द्या आणि नकार लेखी मागा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बोलण्याचा सूर बदलतो.

खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के आरटीई जागांसाठी अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि सोडत निघते. वंचित गटातल्या मुलांना उत्पन्नाची अट नाही, त्यांना जातीचा दाखला लागतो. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न १ लाखापर्यंत. शाळा घरापासून किती अंतरावर आहे ते पाहिलं जातं, म्हणून नकाशावर घराचं ठिकाण दाखवताना फुगा बरोबर आपल्या इमारतीवर किंवा चाळीवर ठेवा. शाळा जवळ दिसावी म्हणून तो सरकवला तर सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. भाड्याच्या घराला नोंदणीकृत करारच लागतो, आणि तो अर्ज भरण्याच्या आधीचा हवा. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून वगळलं होतं. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. जुना मजकूर अजून फिरतो आहे, तो वाचून अर्ज न करता बसू नका.

शाळेतल्या नोंदीतलं नाव, जन्मतारीख, जात हे मूल शिकत असतानाच तपासा. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती फार अवघड होते. आधारवर एक नाव आणि दाखल्यावर दुसरं असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती अडकते. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. दहावीनंतर अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन आहेत, त्यामुळे गावी दहावी झालेली मुलगीही मुंबईतल्या महाविद्यालयाचा पसंतीक्रम भरू शकते.

सहावी पायरी: शासन निर्णय स्वतः वाचा

व्हॉट्सॲपवर येणारा संदेश आणि प्रत्यक्ष शासन निर्णय यांत बरंच अंतर असतं. उदाहरण घ्या. "सर्व मुलींना उच्च शिक्षण मोफत" असा संदेश जिकडेतिकडे फिरला. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय काय सांगतो? व्यावसायिक अभ्यासक्रमांना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाख किंवा त्याहून कमी कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला नाही. खासगी अभिमत विद्यापीठांना नाही. संदेशावर विसंबून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्या मुलीच्या बापाला फी भरावीच लागते. चार पानं आधी वाचली असती तर त्याने प्रवेशाचा मार्ग वेगळा निवडला असता.

शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून मोफत मिळतात, आणि ते मराठीत असतात. शेवटच्या परिच्छेदात प्रत्येकाचा संगणक संकेतांक दिलेला असतो. कुणी तुम्हाला "जीआर आहे" म्हणून कागद दाखवला तर तो संकेतांक टाकून शोधा. सापडला नाही तर विश्वास ठेवू नका.

वाचताना सुरुवात वरून करू नका. आधी तारीख आणि विभाग पाहा. मग "शासन निर्णय" या मथळ्याखालचा मजकूर, कारण प्रस्तावनेत पार्श्वभूमी असते आणि हक्क खालच्या भागात असतो. त्यानंतर अटी-शर्ती. मग सोबत जोडलेलं परिशिष्ट, कारण कागदपत्रांची यादी आणि अर्जाचा नमुना बहुतेकदा तिथे असतो. वर "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून दिलेले जुने निर्णय नोंदवून ठेवा. नवा निर्णय जुन्यातलं काय बदलतो ते त्यांच्याशिवाय समजत नाही. "अधिक्रमित करून" असं लिहिलं असेल तर जुना निर्णय संपला. शुद्धिपत्रक निघालं असेल तर तेही शोधा. एखाद्या आकड्याची किंवा तारखेची दुरुस्ती त्यातच असते. परिपत्रक हे कार्यालयांना दिलेल्या सूचना असतात, पण खिडकीवर तेच कामी येतं. त्याची प्रत काढून, नेमक्या ओळीखाली रेघ मारून सोबत न्या.

संकेतस्थळ खरं की खोटं, हे बघायची सोपी खूण म्हणजे पत्त्याच्या शेवटी असलेलं "जीओव्ही डॉट इन". प्रवेश प्रक्रियेची काही अधिकृत संकेतस्थळं याला अपवाद आहेत. त्यांचा पत्ता शिक्षण विभागाच्या सूचनेतून किंवा शाळेच्या सूचना फलकावरून घ्या, शोधयंत्रातल्या पहिल्या जाहिरातीतून नको.

सातवी पायरी: अर्ज, पोच, मुदत

बहुतेक दाखल्यांचे अर्ज आपले सरकार या संकेतस्थळावर स्वतः करता येतात. फोनवर जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सेतूमध्ये जा. तिथल्या दरांचा फलक वाचा आणि पावती घ्या. अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर द्या. केंद्रचालकाचा किंवा एजंटचा नंबर टाकलात तर त्रुटीचा संदेश त्याच्याकडे जाईल आणि तुम्हाला काही कळणार नाही. त्रुटी निघाली तर एकदाच, सगळ्या मिळून, लेखी सांगा म्हणा. आज हा कागद आणि पुढच्या आठवड्यात तो, असं होऊ देऊ नका.

राज्य सरकारच्या कार्यालयांची वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९:४५ ते संध्याकाळी ६:१५. कागद हाताने दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मंत्रालयात जायची घाई करू नका. तिथला अर्जही शेवटी तुमच्या तहसीलकडेच खाली येतो.

पोचेचं महत्त्व महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला, उदाहरणार्थ, १५ दिवसांची मुदत आहे. कोणती सेवा किती दिवसांत, शुल्क किती, पदनिर्देशित (त्या सेवेसाठी नेमलेला) अधिकारी कोण, अपील कुणाकडे, हे प्रत्येक कार्यालयाने फलकावर लावायचं असतं. फलकाचा फोनवर फोटो काढून ठेवा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत त्याच विभागातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करा. तिथेही न्याय मिळाला नाही तर दुसरं अपील, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पहिलं अपील पडताच अडलेला दाखला पुष्कळदा हातात येतो, म्हणून ते करायला घाबरू नका. अपील म्हणजे भांडण नव्हे, पुढच्या वेळी तुमच्याशी कुणी वाकडं वागणार नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण त्यासाठी निवेदन १५ दिवस आधी द्यावं लागतं. फाइल कुठे अडली हेच कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून "का" विचारू नका. असं विचारा: माझा अमुक क्रमांकाचा, अमुक तारखेचा अर्ज आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, तो कोणत्या तारखेपासून त्यांच्याकडे आहे, आणि त्यावर लिहिलेल्या टिपणीची प्रत द्यावी.